स्प्लिटबोर्डवरचा पहिला दिवस फसतो तेव्हा नेमके काय फसते

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. लिफ्टच्या, म्हणजे पाळण्याने वर नेणाऱ्या स्की केंद्राच्या, उतारांवर काही हंगाम स्नोबोर्डिंग झाले आहे आणि अवघड उतारही आता सहज निघतात. स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढताना दोन स्कींसारखा सुटा होणारा आणि उतरताना पुन्हा एक जोडायचा स्नोबोर्ड, घेतलात आणि तीन स्कीवाल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच लिफ्ट सोडून डोंगरात गेलात. चढताना बोर्डाच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, म्हणजे स्किन, सारखी सटकत होती, वळणांवर पडलात, माथ्यावर मित्र थंडीत ताटकळले. उतरायची वेळ आली तेव्हा मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते उतरणेच हातचे गेले. आता विचारताय की आधी फिटनेस वाढवू की स्कीच्या बुटांसारखे कडक हार्डबूट घेऊ. आणि पुढचा हंगाम नोकरीतून सुटी काढून डोंगरातल्या गावातच राहायचा बेत आहे, तो करावा का.

पण मला अडकवले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने: "ठरल्यापेक्षा दोन तास उशीर झाला होता, म्हणून समोर जो उतार दिसला त्यानेच खाली आलो." बूट आणि दमछाक यांच्याकडे नंतर येऊ. आधी हे दोन तास कुठे गेले ते बघू, कारण लिफ्टवर वाढलेल्या स्नोबोर्डरला सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट हीच आहे. लिफ्टच्या हद्दीत कुठला उतार कधी उघडायचा, कधी बंद करायचा, वरचे धोकादायक बर्फ कधी पाडून टाकायचे हे दुसरे कोणीतरी पहाटेच ठरवून ठेवलेले असते. तिथे तुम्हाला उशीर झाला तर फार तर एक फेरी कमी होते. लिफ्ट सोडली की तो उशीर तुमच्याबरोबर माथ्यापर्यंत चढतो आणि उतार निवडताना तुमच्या वतीने बोलायला लागतो.

काही गोष्टी इथे बसून सांगता येणार नाहीत. तुम्ही कुठल्या पर्वतरांगेत होता यावर बरेच अवलंबून आहे. समुद्राजवळच्या, दमट हवेच्या डोंगरांत बर्फ जाड पडते आणि वादळानंतर बऱ्याचदा काही दिवसांत बसते. खंडाच्या आतल्या कोरड्या, कडक थंडीच्या भागांत खालचा एखादा साखरेसारखा सुटा थर, ज्यावरून वरचे बर्फ घसरू शकते, आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. पहिल्या ठिकाणी चालून जाणारा अंदाज दुसऱ्या ठिकाणी जिवावर येतो. तुमचे मित्र किती जाणते आहेत हेही मला माहीत नाही. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते नवशिक्यांना बरोबर नेताना मी ज्या क्रमाने विचार करते तो क्रम आहे. तुमच्या डोंगराला तो लावून बघणे तुमच्याकडे.

वेळेचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करा. वेर्नर मुंटर या स्विस गाइडच्या नावाने ओळखली जाणारी साधी पद्धत आहे. आडवे अंतर किलोमीटरमध्ये घ्यायचे, चढायची उंची मीटरमध्ये घेऊन तिला १०० ने भागायचे, आणि दोन्हींची बेरीज करायची. स्किन लावून चढताना त्या बेरजेला ४ ने भागले की तास मिळतात, उतरताना १० ने. समजा ५ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ आहे. ५ अधिक ९ म्हणजे १४, भागिले ४, म्हणजे चढायला साडेतीन तास. हा आकडा सराव असलेल्या, न रेंगाळणाऱ्या गटाचा. नव्या स्प्लिटबोर्डरसाठी मी ४ च्या जागी ३ धरते, म्हणजे तोच चढ चार तास चाळीस मिनिटांचा होतो. थांबे आणि बोर्ड जोडण्याचा वेळ यात नाही, तो वेगळा. मित्रांनी त्यांच्या वेगाने बेत आखला असेल तर तुमच्या दोन तासांपैकी एक तास तिथेच, घरातून निघण्याआधीच, गेलेला होता. त्यात तुमच्या फिटनेसचा दोष नाही.

दुसरा मोठा तुकडा बोर्ड उघडण्या-जोडण्यात जातो. स्कीवाला स्किन ओढून काढतो, टाच अडकवतो आणि निघतो. आपल्याला दोन्ही अर्धे काढायचे, स्किन सोलायची, अर्धे जोडणारे हुक आणि बाइंडिंग बसवायचे पक यांतले बर्फ खरवडायचे, अर्धे जुळवायचे, बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारी पकड, त्यावर सरकवायचे, पोल मोडून पिशवीत घालायचे. ही सगळी यंत्रणा मुळात घरी करवतीने कापलेल्या बोर्डवर उभी राहिली आहे. १९९० च्या दशकात युटातल्या व्हॉइले कंपनीने जुना बोर्ड मधोमध कापून जोडण्याचा संच विकायला काढला. त्यातले पक नावाचे प्लास्टिकचे ठोकळे थोड्याफार फरकाने अजूनही पुष्कळ बोर्डांवर असतात. म्हणून बर्फ अडकणे, किंचित वाकडे बसणे, जोडताना शिव्या द्याव्याशा वाटणे हे सगळे तुमच्या एकट्याच्या नशिबात नाही. पण सरावलेल्या माणसाला पाच मिनिटे लागतात आणि नव्याला वीस, हा फरक सरावाचाच आहे.

तो सराव घरात करा. हातमोजे घालून करा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. जमिनीवर जुने पांघरूण टाका आणि डोळे मिटून जमेपर्यंत बोर्ड उघडा-जोडा. प्रत्यक्ष डोंगरात क्रम असा ठेवा. थांबल्याबरोबर, काहीही करण्याआधी, जाड जाकीट अंगात. मग पायांनी बर्फ तुडवून सपाट जागा. एक अर्धा काढला की लगेच बर्फात उभा रोवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा, कारण स्कीसारखे ब्रेक या अर्ध्यांना बहुधा नसतात आणि गुळगुळीत उतारावर सुटलेला अर्धा बोर्ड दरीतच जाऊन थांबतो. स्किन गोंदाला गोंद लावून घडी घालायची आणि पुन्हा चढायचे असेल तर पिशवीत न टाकता जाकिटाच्या आत ठेवायची, म्हणजे गोंद थंडीने मरत नाही. खरवडायला प्लास्टिकची पट्टी खिशात हवी. दोन-तीन रबरी पट्टे, सुटे स्क्रू आणि त्यांना बसणारा पाना कायम पिशवीत. बाइंडिंगचा एक स्क्रू पडला तर उरलेला दिवस कंबरभर बर्फातून चालण्यात जातो.

आता चढणे. तुमची स्किन सटकत होती त्याचे कारण बहुतेक स्किनमध्ये नाही, तुमच्या उभे राहण्यात आहे. स्किनचे केस मागच्या दिशेने झुकलेले असतात आणि वरून वजन पडले तरच ते बर्फात रुततात. चढ तीव्र झाला की माणूस स्वाभाविकपणे पुढे वाकतो, वजन पंजावर जाते, टाचेखालची स्किन हलकी होते आणि पाय मागे येतो. पाय घसरला म्हणून तो आणखी वाकतो. उपाय उलटा आहे: छाती वर, नजर समोर, वजन टाचेवर, पाऊल लहान. पाय उचलायचा नाही, पुढे सरकवायचा. दिवसभरात हजारो पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला बोर्ड उचलला तर मांड्या भरून येणारच.

टाचेखालचा उचलता येणारा आधार, म्हणजे रायझर, याचाही मोह आवरा. तो वर केला की पोटऱ्यांना बरे वाटते खरे, पण पूर्ण उंचीवर शरीर पुढे ढकलले जाते आणि पकड जाते. सारखा उंच रायझर लागत असेल तर वाटच फार उभी आहे. इथे स्कीवाल्यांबरोबर जाण्याचा तोटा समोर येतो. त्यांच्या स्की अरुंद आणि बूट कडक, त्यामुळे ते वाट उभी पाडतात. आपले अर्धे रुंद आणि बूट मऊ. त्यांच्या वाटेवर ओढाताण करण्यापेक्षा शेजारून, कमी चढाची आपली वाट काढा, अर्थात ती जागा तितकीच सुरक्षित असेल तरच. कडक बर्फावर आडवे जाताना रुंद अर्धा कडेवर उभा राहत नाही, घोटा वाकतो आणि बोर्ड खाली घसरतो. त्यासाठी बाइंडिंगखाली बसणारे दातेरी क्रॅम्पॉन मिळतात. ते पिशवीत असूनही न लावलेले मी फार पाहिले आहेत. अवघड पट्टा सुरू होण्याआधी, सपाटीवर असतानाच लावा. घसरायला लागल्यावर ते लावायला जागा नसते.

किक-टर्नवर, म्हणजे चढावर जागीच एकेक पाय फिरवून दिशा बदलताना, पडलात हे अगदी अपेक्षित आहे. वळण कुठे घ्यायचे हे वाट पाडणारा ठरवतो आणि नवा माणूस नेमका सगळ्यात उभ्या जागी वळतो. दहा पावले आधी किंवा नंतर, जिथे उतार थोडा पसरट आहे तिथे वळा. वरचा अर्धा नव्या दिशेला आडवा ठेवा, त्यावर पूर्ण उभे राहा, एक श्वास थांबा. मग खालचा पाय मागे ओढून टाचेने हलका झटका द्या, म्हणजे बोर्डाचे नाक वर उठते आणि अर्धा बर्फात न अडकता फिरतो. थकल्यावर हे शिकता येत नाही. लिफ्टच्या पायथ्याशी, परवानगी असेल तिथे, संध्याकाळी शंभर मीटरच्या टेकाडावर शिका.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. गाडीपाशी ऊब वाटली तर अर्ध्या तासात घाम येईल आणि तोच घाम माथ्यावर तुम्हाला गोठवेल. स्किनबद्दल एकच सांगून पुढे जाते. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात शिरलात की स्किनखाली गोळे धरतात आणि प्रत्येक पायाला किलोभर ओझे लटकते. त्यासाठीचे मेण आदल्या रात्रीच चोळून ठेवा.

स्नोबोर्डरसाठी वाट निवडताना एक गोष्ट स्कीवाल्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना ती बोचत नाही: सपाटी. उतरताना मध्येच दोनशे मीटरची सपाटी किंवा छोटा चढ आला की ते पोल मारत निघून जातात आणि आपण बोर्ड सोडून गुडघाभर बर्फात उभे राहतो. नकाशावर उतरायची वाट पायथ्यापासून उलटी वाचा. लांबलचक दरीतून बाहेर पडायचे असेल तर ती सहल पहिल्या हंगामात नको. एकच सलग सोंड किंवा पसरट उतार, वर जायची वाट दिसते तीच खाली यायची, असे काहीतरी घ्या.

इथवरचे सगळे वेळ वाचवण्यासाठी. हा वाचलेला वेळ कुठे लागतो, ते आता.

वसंतात रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी थोडा सैल होतो, तेवढ्या वेळात त्यावर उतरणे सुरक्षित असते आणि मजाही तिथेच असते. पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे. दोन तास उशीर म्हणजे तोच उतार आता लापशी झालेला आणि ओले हिमस्खलन होण्याची शक्यता वाढलेली. ऐन हिवाळ्यात हिशेब वेगळा असतो, तेव्हा प्रकाश आणि थंडी संपत येते. दोन्ही ऋतूंत शेवट एकच होतो: माथ्यावर विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा आणि गटात मोठ्याने बोलून ठरवा. माथा वीस मिनिटांवर दिसत असताना परतणे कठीण असते, आधी बोललेले असले की थोडे सोपे जाते.

स्लॅब प्रकारची, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकसंध सुटून येणारी, हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. आणि स्नोबोर्डरला आवडतात ते उतार नेमके याच टापूतले. जीवघेण्या अपघातांत साधारण दहापैकी नऊ वेळा स्खलन स्वतः सापडलेल्याने किंवा त्याच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेले असते. डोंगर अंगावर आला असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आपणच त्याच्या अंगावर गेलेलो असतो. पहिल्या हंगामासाठी माझा नियम सरळ आहे: ३० अंशांखालचे उतार, आणि त्यांच्या डोक्यावर त्याहून उभे काही नको. हा दुसरा भाग लोक विसरतात. वरचा उभा उतार पायथ्याशी चालणाऱ्याच्या पावलांनीही सुटू शकतो. कोन डोळ्यांनी मोजू नका, कोनमापक वापरा. पहिले काही महिने तुमचा अंदाज आणि कोनमापक यांचे पटणार नाही.

तिथल्या हिमस्खलन केंद्राचा रोजचा अहवाल वाचा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि तिसरी पायरी मधली म्हणून लोक ती "साधारण" समजतात. धोका पायरीगणिक सारखा वाढत नाही, झपाट्याने वाढतो, आणि मृत्यूंचा मोठा वाटा याच तिसऱ्या पायरीच्या दिवशी असतो. डोंगरात गेल्यावर ताजी स्खलने, पायाखाली "हूंफ" असा बसका आवाज, बोर्डापासून पुढे पळत जाणाऱ्या भेगा, गेल्या एक-दोन दिवसांतला जोरदार हिमवर्षाव किंवा वारा, अचानक वाढलेली ऊब यांतले काहीही दिसले की उभ्या उतारांचा विषय त्या दिवसापुरता संपला.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संदेश पाठवणारे आणि शोधणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे, आणि वापरण्याचा सराव प्रत्येकाचा. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर जगण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती वेगाने घसरते. म्हणजे शोधपथक येणार नाही, मित्रच खणणार. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात आणि फोनमुळे गडबडतात, म्हणून फोन किमान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोधताना ५० सेंटिमीटर. आपल्या बाबतीत आणखी एक आहे: स्नोबोर्डचे बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही. स्खलनात बोर्ड पायाला नांगरासारखा राहतो आणि माणसाला खाली खेचतो. खोल ताज्या बर्फात झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत डोके खाली होऊन पडलात तरी हाच बोर्ड तुम्हाला अडकवून ठेवतो. म्हणून झाडीत सोबती नजरेआड होऊ देऊ नका. हिमस्खलनाचा प्राथमिक अभ्यासक्रम बूट, बोर्ड, जाकीट कशाच्याही आधी. तो झाला नसेल तर माझे वरचे सगळे उत्तर थोडे अकाली आहे.

तुमच्या मित्रांविषयी. इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाच्या अपघातांत माणसे कशाला भुलतात याचा अभ्यास केला. त्यातल्या सापळ्यांपैकी एक म्हणजे गटातल्या जाणत्या वाटणाऱ्या माणसावर निर्णय सोपवून देणे. तुम्ही मागून, धापा टाकत, माफी मागत पोहोचलात. अशा माणसाच्या तोंडून "हा उतार मला बरोबर वाटत नाही" हे निघत नाही. तुम्ही वर दिलेल्या वाक्यात "समोर जो उतार दिसला" असे आहे, तो कोणी निवडला ते नाही. पुढच्या वेळी निघण्यापूर्वी सांगा की मी हळू आहे, मला इतका वेळ लागेल, आणि उतार ठरवताना माझे मत मोजायचे. हे ऐकून जे नाराज होतील त्यांच्याबरोबर लिफ्टवर जा. शक्य असेल तर गटात दुसरा एक स्प्लिटबोर्डर शोधा. दोघे हळू असले की हळूपणाची लाज वाटत नाही.

आता हंगामभर डोंगरात राहण्याबद्दल. जा, असेच मी म्हणेन, पण रोज ताज्या, भुसभुशीत पावडरमध्ये फिरायला मिळेल या हिशेबाने जाऊ नका. वादळ, धुके, वारा, वाढलेला धोका आणि दुखरे गुडघे यांत कित्येक दिवस घरात किंवा सपाट जंगलवाटांवर जातात. फायदा त्याच दिवसांचा आहे. सुटीत चार दिवसांसाठी येणाऱ्याला समोर दिसते ते फक्त वरचे बर्फ. तिथे राहणाऱ्याला माहीत असते की तीन आठवड्यांपूर्वीच्या निरभ्र रात्री पृष्ठभागावर जे हिमस्फटिक उगवले ते आता कुठल्या उतारावर, किती खाली गाडलेले आहेत. त्यासाठी जायचे नसेल त्या दिवशीही अहवाल वाचा आणि वहीत दोन ओळी लिहा: वारा कुठून, बर्फ किती, काय दिसले. हंगामाच्या मध्यावर ती वही तुमच्या कुठल्याही खरेदीपेक्षा उपयोगी पडेल. चार दिवसांची सुटी असली की वाईट दिवशीही जावेसे वाटते. राहायला असलात की उद्यावर ढकलता येते.

कंटाळा येईल, एकटेपणाही येईल. जोडीदार मिळणे सगळ्यात अवघड, आणि फक्त वेळ जुळतो म्हणून कोणाबरोबरही जाऊ नका. ओले बूट, स्किन, मोजे रोज वाळवणे हे अर्धवेळ काम आहे. स्किन आगीसमोर किंवा हीटरवर टाकू नका, गोंद खराब होतो. गाव २,५०० मीटरच्या वर असेल तर पहिले काही दिवस झोप आणि डोके ताळ्यावर नसते, तेव्हा लगेच मोठी चढाई नको. उन्हाला हलके घेऊ नका. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकते. हनुवटीची आणि नाकाची खालची बाजू भाजते ती यामुळे.

राहिले बूट. हार्डबूट आडव्या कडक पट्ट्यांवर आणि लांब चढांवर खरोखर चांगले आहेत. पण उतरतानाची जाणीव बदलते आणि बाइंडिंगही वेगळे लागते. तुमच्या दोन तासांपैकी त्यांनी फार तर पंधरा मिनिटे वाचवली असती. हा हंगाम आहे त्या सॉफ्टबूटवर काढा, क्रॅम्पॉन घ्या. वसंतातल्या कडक सकाळी घोटा सारखा वाकतोय असे तेव्हाही वाटले, तर कोणाचे तरी तुमच्या मापाचे हार्डबूट त्यांच्या बाइंडिंगसकट दोन दिवस उसने घेऊन चढा-उतरा आणि मग ठरवा. फिटनेससाठी पाठीवर ओझे घेऊन जिने चढणे पुरेसे आहे, आणि उतरताना सावकाश उतरा, कारण मांड्या तयार होतात त्या उतरताना.